कयाकमध्ये फोन, वायरलेस, शिट्टी नेमकी कुठे ठेवता?

वैनगंगाकाठ:
नमस्कार. मी कुही तालुक्यातला, आंभोऱ्याजवळच्या गावचा. गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये दोन वर्षांपासून कयाक (वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी) चालवतो. डिसेंबरात मालवणला समुद्रात उतरायचं ठरलंय. सोबतच्या मित्राकडे परवान्याचा हातात धरायचा व्हीएचएफ वायरलेस (समुद्रावर बोलायचा रेडिओ) आहे. आजवर फोन कोरड्या बॅगेत घालून मागच्या हॅचमध्ये, म्हणजे झाकणाच्या कप्प्यात, टाकायचो. परवा मधोमध असताना जोराचा वारा सुटला, तेव्हा कळलं की बसल्या जागेवरून हात तिथवर पोचतच नाही. तुम्ही कुठे ठेवता?

डोंगेवाला_पवनी:
भाऊ, हॅचमधून काढा पहिले. डोंगा पालथा होऊन वाऱ्यानं वाहत गेला, तं फोनही त्याच्यासंगंच जाते. आमचे काका पहाटे जाळं काढाले जातात. त्यायचा साधा बटणाचा फोन दोन पन्न्यांत गुंडाळून, वरून सायकलच्या ट्यूबचं रबर मारून बंडीच्या आतल्या खिशात रायते. मागच्या पावसाळ्यात बुडालेल्या झाडाच्या खुंटावर डोंगा चढला आन् उलटला. काका जलपर्णीत अडकले होते, एका हातानं खुंट धरलेला. दुसऱ्या हातानं पन्नीवरूनच बटणं दाबून मले फोन केला. टचवाला असता तं ओल्या बोटानं लागला नसता.

किनारपट्टी:
पवनीकर भाऊंचं अगदी बरोबर. मी मालवणकडचा आहे, समुद्राचं सांगतो. मदत मागायचं प्रत्येक साधन लाइफ जॅकेटवर, अंगाशी. त्यातही जागा महत्त्वाची. पोटासमोर जाड वस्तू नको, कारण उलटल्यावर कयाकवर परत चढताना पोटावर सरपटावं लागतं आणि तीच वस्तू कडेला अडकते. वायरलेस छातीच्या वरच्या भागात, खांद्याजवळ लावा. व्हीएचएफ सरळ रेषेत जातो. पाण्यात तरंगणाऱ्या माणसाचा अँटेना जेमतेम फूटभर वर असतो, म्हणून बोलताना तो उंच आणि उभा धरायचा. चॅनेल 16, म्हणजे संकटात हाक मारायचं चॅनेल, लावूनच पाण्यात उतरा. दोरी तोंडापर्यंत पोचेल एवढीच, गळ्याभोवती फिरेल एवढी लांब नको. फोनमध्ये तटरक्षक दलाचा 1554 आधीच साठवून ठेवा.

आणि कळकळीची विनंती: परदेशी व्हिडिओ पाहून सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर मागवू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे.

गडचिरोलीची_ताई:
शिट्टी जॅकेटच्या चेनजवळ, मान वाकवली की ओठांना लागेल अशी बांधा. आत गोळी नसलेली घ्या, पाणी भरलं की गोळी चिकटते. तीन वेळा वाजवायची, थांबायचं, परत तीन.

घरी जुना बटणाचा फोन असेल तर तोही सोबत असू द्या. 2017 पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये 5 किंवा 9 दाबून धरलं की 112 ला कॉल जातो, असा नियम आहे. तुमच्या फोनमध्ये कोणतं बटण आहे ते निघायच्या आधी बघून ठेवा. मात्र तो आणि मोठा फोन एकाच खिशात नको.

वैनगंगाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाला काठावर उभं करून छातीभर पाण्यात मुद्दाम कयाक उलटवून पाहिली. फोनची पिशवी डाव्या खिशात होती. उजव्या हातानं कयाक धरली की डाव्या हातानं डाव्या खिशाची चेन उघडत नाही, बोटं घसरतात. तीनदा करून पाहिलं, तीनदा तसंच. आता पिशवी उजवीकडे घेतली आणि चेनला सुतळीचा मोठा फास बांधलाय, अंगठा अडकतो त्यात.

किनारपट्टी:
छान केलंत. सुतळी भिजली की फुगते, तिथे नायलॉनची दोरी बांधा. आणि हेच कयाक डाव्या हातात धरूनही एकदा करून पाहा. लाट कुठल्या बाजूनं येईल त्यावर कुठला हात मोकळा राहील ते ठरतं.

डोंगेवाला_पवनी:
आन् काठावर भाऊ असल्याबिगर करू नका हे. पुढच्या इतवारी मी येतो डोंगा घेऊन.