बंदरावर कोळंबी सोलणारी मुलगी, कुणाला सांगू?

हर्णैकरीण: आमच्या बंदरावर रोज सकाळी दहा-अकरा वर्षांची एक पोर कोळंबी सोलायला बसते. बर्फाच्या पाण्यानं बोटांची टोकं पांढरीफटक, सुरकुतलेली. आई शेजारीच, टोपल्या मोजून पैसे मिळतात. तक्रार केली तर त्या बाईचीच रोजी जाईल का? पोलिसांचा ससेमिरा लागेल का? झोप लागत नाही हो.

निवृत्त गुरुजी: ताई, १०९८ फिरवा, मुलांसाठीची हेल्पलाइन, फुकट आहे. बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवताच येत नाही. घरच्या धंद्यात मदत चालते, पण शाळा सांभाळून. हा तर परक्याचा धंदा. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड. पहिल्या गुन्ह्याला आईबापांना शिक्षा नाही.

दापोलीची: आधी आईशी बोला. दाखला नसला तरी वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, २००९चा शिक्षणहक्क कायदा आहे.

हर्णैकरीण: बोलले. तिसरीत होती, बापाच्या कामापायी गाव बदललं नि शाळा सुटली. आई रडली, "पाठवते" म्हणाली. उद्या दोघींना घेऊन शाळेत जाते. १०९८लाही आत्ताच लावते, तिथं अजून दोन पोरं आहेत.