मदत हवी आहे: १९९९ ची मराठी पानं वाचता येत नाहीयेत

सदाशिवपेठी: मंडळाच्या जुन्या वेबसाइटची सीडी मिळाली आहे. रविवारी वर्धापनदिनाला पडद्यावर दाखवायचीय. फोटो दिसतात, पण मजकुराच्या जागी नुसती टोपीवाली रोमन अक्षरं. क्रोम, फायरफॉक्स दोन्ही झालं. लवकर सांगा.

कोथरूडकर: सीडीवर एचटीएमएल सोडून कोणत्या फाइल्स आहेत?

नेट९६: नेटस्केप ४ हा जुना ब्राउझर टाका, काम फत्ते. मार्क आंद्रीसननं मोझॅक ब्राउझर केला, मग १९९४ मध्ये नेटस्केप आणला. मायक्रोसॉफ्टनं स्पायग्लास कंपनीच्या मोझॅकचा कोड घेऊन एक्सप्लोरर काढला.

जुनाशेल: मोझॅकमध्ये एरिक बीनाही होता, त्याचं नाव कुणी घेत नाही. आणि १९९० मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनी सर्न या प्रयोगशाळेत लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरात पान वाचता वाचता तिथंच बदलताही यायचं! आम्ही व्हीएसएनएलच्या शेल अकाउंटवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या इंटरनेट जोडणीवर, लिंक्स (Lynx) हा ब्राउझर वापरायचो. चित्रं नाहीत, फॉन्ट नाहीत, बाणाच्या कळा दाबत पुढं जायचं.

नेट९६: लिंक्सवर मराठी कशी दिसणार? प्रश्न मराठीचा आहे.

कोथरूडकर: अहो, फाइल्सचं सांगा ना.

सदाशिवपेठी: एक पीएफआर, एक ईओटी. विंडोज १०.

कोथरूडकर: मग उलगडलं. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीची एकच संकेतपद्धत, रुळायच्या आधी मराठी साइट्स पानाबरोबर फॉन्टही पाठवायच्या. पीएफआर नेटस्केप ४ साठी, ईओटी एक्सप्लोररसाठी. एकाचा दुसऱ्याला चालत नसे. नेटस्केप ६ नं पीएफआर सोडलं, क्रोम-फायरफॉक्सला दोन्ही कळत नाहीत. जुना नेटस्केप टाकूनही भरवसा नाही, कारण असे फॉन्ट बहुधा मूळ साइटच्या पत्त्याशी बांधलेले असत. पान नोटपॅडमध्ये उघडा, ‘फॉन्ट फेस’पुढचं नाव कळवा. त्याच नावाची टीटीएफ ही साधी फॉन्ट फाइल विंडोजमध्ये टाकली की बहुतेक दिसेल.

बाणेरवाला: ब्रेव्ह वापरा, जाहिराती येत नाहीत.

सदाशिवपेठी: डीव्ही-टीटीयोगेश.

जुनाशेल: हा तर आपल्या पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा! फॉन्ट कशाला टाकता, सगळं युनिकोडमध्ये करून घ्या, कायमचं काम होईल.

कोथरूडकर: रविवारपर्यंत? या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. कन्व्हर्टर तिथंच घसरतो, ओळ न् ओळ तपासावी लागते. आधी फॉन्ट टाका.

सदाशिवपेठी: दिसलं! अध्यक्षांचं मनोगत अख्खं वाचता आलं. पण हॉलच्या कॉम्प्युटरवर काही टाकू देत नाहीत.

कोथरूडकर: तुमचाच लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडा. एचडीएमआयची वायर घरून न्या.