प्रति: सुपरनोव्हा आपल्याला कुठून दिसायचा?

'सुपरनोव्हा शोधणं मोठ्या वेधशाळांचं काम, आपण फोटो बघायचे' हे म्हणणं काही पटलं नाही. सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट, तो हौशी माणसालाही सापडू शकतो. वासुकी तारकासमूहातली एम ८३ घ्या. मध्ये ताऱ्यांचा दांडा असलेली सर्पिल दीर्घिका (गॅलेक्सी), साधारण दीड कोटी प्रकाशवर्षांवर. १९२३ ते १९८३ दरम्यान तिच्यात सहा सुपरनोव्हा सापडले. त्यातला १९६८चा दक्षिण आफ्रिकेतल्या जॅक बेनेट या हौशी माणसाने दुर्बिणीला डोळा लावून टिपला, तोही धूमकेतू शोधता शोधता!

आणि मराठवाड्यातून ती दक्षिणेला चाळीसेक अंश वर येते, युरोपवाल्यांना क्षितिजाशी झगडावं लागतं. गेल्या मे महिन्यात गेवराईकडे शेतातल्या आखाड्यावर आठ इंची दुर्बिणीतून पाहिली. धुरकट डाग, मधोमध उजळ ठिपका, बस. दांडा दिसतोय म्हणेपर्यंत लाईट आली अन् शेजारच्या विहिरीवरचा हॅलोजन पेटला.