सगळं करणारा कॅमेरामन: अष्टपैलू की बिनचेहऱ्याचा?

जुना प्रोजेक्टर:
गेल्या रविवारी वेताळ टेकडीवर भाच्याशी वाजलं. भाचा २६ वर्षांचा, मुंबईत तीन वर्षं कॅमेरा असिस्टंट म्हणून राबला, आता लोक त्याला स्वतंत्र कामं विचारायला लागलेत. सध्या तीन आहेत: एक भुताची वेब मालिका, एक ऊसतोडीवरचा मराठी चित्रपट आणि एक प्रेशर कुकरची जाहिरात. हा म्हणतो, मामा, तिन्ही करतो. मी म्हटलं, पोटासाठी कर की, पण त्यातलं तुझं कुठलं ते आत्ताच ठरव. नाहीतर पन्नाशीला येशील तेव्हा तीस चित्रपट नावावर असतील आणि एकही फ्रेम पाहून कुणी म्हणणार नाही, की ही अमक्याची.

मी या धंद्यातला नाही. बँकेत नोकरी केली आणि संध्याकाळी पुण्यात लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हमध्ये चित्रपट पाहिले. पण पाहणाऱ्यालाही काही कळतं. व्ही. के. मूर्ती म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? 'कागज के फूल'मधला (१९५९, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा) तो वरून उतरणारा प्रकाशाचा झोत. फाळके पुरस्कार मिळालेला पहिला कॅमेरामन तो. आता बिनोद प्रधान घ्या. 'जाने भी दो यारों', 'परिंदा', 'देवदास', 'मुन्नाभाई एमबीबीएस'. चारही उत्तम. पण डोळे मिटल्यावर एक चित्र येतं का? मला येत नाही. पाण्या तुझा रंग कसा, असं होतं.

भाचा रागावून पायऱ्या उतरून गेला. आता तुम्ही झोडा.

सदाशिवपेठी:
आधी कुकर करू द्या. तिसऱ्या शिट्टीचा नेमका क्षण ज्याला पकडता आला त्याला भूतही पकडता येईल.

निगेटिव्ह:
काका, उदाहरणच चुकीचं निवडलंत. मूर्तींनी 'आर पार' केला, तो टॅक्सी-ड्रायव्हर आणि गुन्हेगारांचा. 'मिस्टर अँड मिसेस ५५' केला, ती चक्क विनोदी प्रेमकथा. 'सी.आय.डी.' केला. आणि पुढे कितीतरी वर्षांनी दूरदर्शनसाठी 'तमस'. तुम्हाला तो एक झोत आठवतो म्हणजे मूर्ती एका प्रकारातले होत नाहीत. तुमची आठवण एका प्रकारातली आहे!

दुसरं. के. के. महाजन. आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचेच, १९६६ ला बाहेर पडलेले. दिग्दर्शक मणी कौलच्या 'उसकी रोटी'त त्यांनी मुख्यतः दोनच लेन्स वापरल्या, २८ मिमी (रुंद दिसणारी) आणि १३५ मिमी (लांब पल्ल्याची). बसस्टॉपवर वाट पाहणारी बाई, तिच्या डोक्यातलं जग एका लेन्समध्ये आणि बाहेरचं दुसऱ्या. माणसाला पाहताना झोप येते असं म्हणतात, मला आली नाही. आणि हाच माणूस चार-पाच वर्षांत 'रजनीगंधा' करतो, 'छोटी सी बात' करतो! बसस्टॉप तिथेही आहे, पण आता तिथे उभा आहे तो अमोल पालेकर, आणि कॅमेरा असा मोकळा, हलका की कॅमेरा आहे हेच कळू नये. हे पाणी म्हणायचं? मग असं पाणी मला द्या.

जुना प्रोजेक्टर:
'आर पार' विसरलो होतो हे कबूल. पण तुम्हीच माझ्या हातात मुद्दा दिलात. 'सी.आय.डी.'चा निर्माताही गुरुदत्तच, 'तमस' सोडला तर बाकीचे त्याचेच. मूर्तींनी प्रकार बदलले, पण माणूस बदलला नाही. गुरुदत्त होता म्हणून मूर्तींचा हात सापडतो. महाजनांचेही कौल आणि बासू चॅटर्जी हे दोन घट्ट धागे. प्रधानांचा विधू विनोद चोप्रा. म्हणजे भाच्याला मी चुकीचं सांगितलं असेल तर एवढंच, की 'प्रकार धर' म्हणण्याऐवजी 'दिग्दर्शक धर' म्हणायला हवं होतं.

सदाशिवपेठी:
खांब बदलला, मांजर तेच.

फोकसवाली:
मी सेटवर फोकस ओढते, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळते, सात वर्षं झाली. इथे सगळे चित्रपट पाहून बोलताय, म्हणून थोडं सेटवरून.

विनोदी सीन सगळ्यांना सोपा वाटतो. तो सगळ्यात त्रासाचा. दोन नट एकमेकांचं वाक्य तोडतात, मधेच काहीतरी सुचून बोलतात, ते परत तसं होणार नाही. म्हणून दोन कॅमेरे समोरासमोर लावावे लागतात. आता दोन्ही बाजूंनी चेहरा चांगला दिसला पाहिजे, आणि लाइट, स्टँड, स्किमर (उजेड मऊ करायची चौकट) कुठल्याच फ्रेममध्ये येता कामा नये. मग लाइट जातो छतावर. नट खोलीभर फिरला तरी उजेडात राहायला हवा. लेन्सचं तोंडही बारीक ठेवायचं, टी ५.६ वगैरे, म्हणजे मागे उभ्या असलेल्या सासूचं तोंड वाकडं झालेलं दिसेल. हसू तिच्या तोंडावर आहे!

आणि भुताच्या सीनला? तिथे लेन्स सताड उघडी, मी टी १.४ वर मरते. नाकाचं टोक फोकसमध्ये आणि कान गायब. लाइट एकच, तोही मागून. गाफर (लाइटवाल्यांचा मुख्य) विचारतो, "मॅडम, अजून काळं करू?" आणि डीओपीची, म्हणजे मुख्य कॅमेरामनची, धाकधूक वेगळीच, की हे लोक मोबाइलवर, उन्हात, लोकलमध्ये बघणार. इतकं काळं ठेवलं तर त्यांना स्वतःचंच तोंड दिसेल.

गाण्याचं तिसरंच. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे तर कॅमेरा ४८ फ्रेमवर आणि स्पीकरवर गाणं दुप्पट वेगानं. हिरॉईन उंदरासारख्या चिरक्या आवाजावर विरहाचं गाणं म्हणत असते आणि आम्ही हसू दाबतो.

तर मुद्दा असा, की हे तिन्ही केलेला डीओपी आणि एकच केलेला डीओपी, दोघांबरोबर मी काम केलंय. एकच करणारा सेटवर वेगवान असतो, हे खरं. पण भुताच्या मालिकेत मधे एक जेवणाच्या टेबलावरचा हलकाफुलका सीन आला, तेव्हा त्यानं तिथेही मागून एकच लाइट मारला. वरण-भात खाताना बाबा सैतान दिसत होते. दिग्दर्शक म्हणाला, वा, मूड आहे. प्रेक्षकाला वाटलं आता बाबा मुलाला खाणार.

लाइटमीटर:
फोकसवाली ताई, लिहिलंय मस्त, पण मी काकांच्या बाजूनं. मी लग्नं शूट करतो, कोथरूड-कर्वेनगर पट्ट्यात. आमच्याइतके प्रकार कुणीच करत नाही. सकाळी हळद म्हणजे विनोद, मुहूर्त म्हणजे थरार (भटजी घड्याळाकडे आणि मुलाचा मामा मुलीकडे, दोघांवर लक्ष), जेवणावळ म्हणजे दंगल, पाठवणी म्हणजे शोकांतिका. अकरा वर्षं करतोय. हात कुठेही अडत नाही. आणि मला नावानं कोण ओळखतं? "तो फोटोवाला." बस. ज्या एकानं फक्त गावाकडची लग्नं, तीही पहाटेच्या उजेडात, एवढंच धरलं, त्याचं नाव लोक पत्रिका छापायच्या आधी घेतात. पैसे माझ्या तिप्पट.

आणि कामातल्या खोलीचं काय? 'तुंबाड' बघा (२०१८). सासवडचा वाडा, आपल्यापासून तासाभरावर. पंकज कुमारनं तो पाऊस, ती ओल, तो शेवाळी करडेपणा असा उभा केलाय की थिएटरमध्ये अंगावर बुरशी येईल असं वाटलं. त्याचं चित्रीकरण काही पावसाळे चाललं. दर महिन्याला कुकर, टूथपेस्ट आणि वेब मालिका करणाऱ्याला एका पावसासाठी थांबता येईल?

निगेटिव्ह:
लाइटमीटर, पंकज कुमारनं त्याआधी 'हैदर' केलाय. काश्मीर, बर्फ, लाल मफलर. 'शिप ऑफ थिसिअस' केलाय, तो शहरी आणि सगळा उजेडाचा. ओल त्याला शेवाळातून नाही आली, नजरेतून आली.

लाइटमीटर:
तिन्हीत एक साम्य आहे. तिन्ही गंभीर. त्यानं कुकर केला का ते सांगा.

निगेटिव्ह:
कुकरच हवा? मग महेश लिमये घ्या. २०१० मध्ये 'नटरंग' आला, त्याच वर्षी 'दबंग'. एकात फडाचा पेट्रोमॅक्सचा उजेड आणि नायक गुणाच्या घामावर चमकणारी वेदना, दुसऱ्यात सलमानचा गॉगल. दोन्हीकडे तुम्ही नजर हलवू शकत नाही. सुदीप चॅटर्जी घ्या. 'इक्बाल'मधलं ते साधंसुधं मातीचं क्रिकेट, 'चक दे'मधलं हॉकीचं मैदान, आणि मग 'बाजीराव मस्तानी'. त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

सदाशिवपेठी:
बाजीराव मस्तानीचा विषय शनिवारवाड्याच्या दोन किलोमीटरच्या आत काढू नये. पिंगा अजून पचलेला नाही. आरसेमहाल मात्र चांगला दिसत होता, हे मी इथे लिहिलं म्हणून घरी सांगू नका.

प्रभातची गल्ली:
सगळे आजचं बोलताय. जिथे इन्स्टिट्यूट आहे ती जागा मुळात प्रभात फिल्म कंपनीची. कोल्हापूरहून कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि इथला पहिला चित्रपट 'अमृतमंथन' (१९३४). त्यात केशवराव धायबरांनी लांब पल्ल्याच्या लेन्समधून राजगुरूचा नुसता एक डोळा पडदाभर दाखवला होता. पुढे व्ही. अवधूत. 'संत तुकाराम' त्यांचा, 'कुंकू' त्यांचा, 'माणूस' त्यांचा. अभंग, जरठ-कुमारी विवाह आणि वेश्येच्या दारातला पोलीस शिपाई. ही त्यांच्यासाठी कारकीर्दीची निवड नव्हती. कंपनीचं पुढचं चित्र काय, हाच प्रश्न. महिन्याला पगार. माझे आजोबा तिथे सुतारकाम करायचे. ते सांगायचे, कॅमेऱ्याच्या माणसाला सेट लागायच्या आधी सुतारखान्यात यायची सवय होती, भिंतीला खिडकी कुठे ठेवताय ते बघायला. प्रकार कुठला का असेना, खिडकी आधी विचारायची.

जुना प्रोजेक्टर:
अवधूत पगारावर होते, तोच तर फरक. त्यांना उद्याचं काम मिळवायला आपली ओळख विकावी लागत नव्हती. भाच्याला शोरील, म्हणजे कामाची झलक, पाठवावं लागतं. दोन मिनिटांत भूत, ऊस, कुकर बघून निर्माता म्हणतो, हा नक्की कोण? निर्माता मूर्ख आहे म्हणून सोडून देता येत नाही, चेक तोच लिहितो.

फोकसवाली:
काका, इथे तुमच्याशी सहमत. पण उलट बाजूनं. तुम्ही प्रकार निवडत नाही, प्रकार तुम्हाला निवडतो. माझ्या ओळखीच्या एकाची पहिली मालिका भुताची होती, चालली. पुढची चार वर्षं फक्त भुतं. तो मुळात हसरा माणूस, एकदाच म्हणाला, "मला एकदा दिवसाचं शूटिंग द्या रे." त्याला जाहिरातींनी वाचवलं. त्या तीस सेकंदांत त्याला कुणी भूतवाला म्हणत नव्हतं, उजेड खेळता येत होता. तुमच्या भाच्याचा कुकर काढून घेऊ नका.

आणि अविनाश अरुण बघा. इन्स्टिट्यूटचाच. 'किल्ला'चा दिग्दर्शक स्वतः, कॅमेराही स्वतःचा. २०१५ मध्ये 'मसान' आणि 'दृश्यम' एकाच वर्षी पडद्यावर. बनारसचा घाट आणि गोव्याचा खून. त्याला विचारलं असतं का कुणी, की तुझं नक्की कुठलं?

लाइटमीटर:
'किल्ला' त्याचं. हे मी विचारायच्या आधीच तुम्ही सांगितलंत.

फोकसवाली:
बरोब्बर पकडलंत. मान्य.

जुना प्रोजेक्टर:
आता पुढचं सांगतो. भाच्यानं काल रात्री दोन तुकडे पाठवले, रुसवा गेल्याची खूण म्हणून असावेत. एक भुताच्या मालिकेची टेस्ट, शनिवार पेठेतल्या एका रिकाम्या वाड्यात केलेली. दुसरा कुकरचा, मुंबईतल्या सेटवरचा. मी दोन्ही चार वेळा पाहिले, एकच माणूस आहे असं कुठूनही वाटलं नाही. म्हणून मुद्दा सिद्ध झाला समजून हिला दाखवले. हिनं एकदाच पाहिले आणि म्हणाली, "दोन्हीकडे बाई खिडकीकडे पाठ करून उभी आहे. अर्धा चेहरा काळा, हात उजेडात. सासूबाई अशाच उभ्या राहायच्या, आपल्या जुन्या घरात ओट्यापाशी." तो लहानपणी दर सुट्टीत आमच्याकडे असायचा, ओट्याखाली बसून शेंगा खात. मला स्वतःला आई तशी उभी असलेली आठवत नाही. मी ऑफिसला असायचो.

भाच्याला फोन करून विचारलं. म्हणाला, "मामा, वाड्यात खिडकी तिथेच होती. आणि सेटवर आर्ट डायरेक्टरनं तिथे ठेवली होती. मी काय करू?"

प्रभातची गल्ली:
खोटं बोलतोय. सेटवरची खिडकी कुणीतरी तिथे मागितलेली असते.

सदाशिवपेठी:
ते ठीक आहे. पण ऊसतोडीत खिडकी कुठून आणणार?