ग्रॅफाइट नेक आणि डेड स्पॉट
बास गिटारची नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, लाकडाची घ्यावी की ग्रॅफाइटची (कार्बन फायबरची), या चर्चेत एक मत आलं: ‘ग्रॅफाइट नेकचा फायदा एवढाच की ती पावसाळ्यात वाकत नाही, बाकी आवाज लाकडाचाच चांगला’. मला ते अर्धंच पटलं. हवामानाचं बरोबर आहे, पण डेड स्पॉटचा, म्हणजे नेकवरच्या ज्या जागी सूर टिकत नाही तिचा, विषय कुणी काढलाच नाही. फेंडर धाटणीच्या लाकडी बासवर G तारेवर (सगळ्यात बारीक तार) पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या पट्टीच्या) आसपासचे सूर एकेक करून वाजवा. शेजारचे घुमत राहतात आणि एखादा मात्र लगेच विझतो. त्या कंपनसंख्येला नेकच थरथरते आणि तारेची ऊर्जा खाऊन टाकते. हेडस्टॉकला (नेकच्या टोकाला, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात) क्लॅम्प लावून पाहा, ती जागा सरकते. ग्रॅफाइट वजनाच्या मानाने फार ताठ, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी होतो आणि सूर सगळीकडे सारखा टिकतो. मला तरी हे फार मोलाचं वाटतं.

लाकडाची ऊब हवी असेल तर लाकूडच घ्या, त्यात वाद नाही. फक्त जुनी ग्रॅफाइट बास घेणाऱ्यांनी एक बघावं: मॉड्युलस कंपनीच्या सुरुवातीच्या बऱ्याच ग्रॅफाइट नेकमध्ये ट्रस रॉडच (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) नव्हता. तारांचा गेज (जाडी) बदलला आणि रिलीफ (नेकचा हलकासा बाक) जमला नाही, तर तो नीट करायला फिरवायचा ट्रस रॉडचा नटच नसतो. व्यवहाराआधी आपल्या नेहमीच्या तारा चढवून वाजवून बघा.