शब्दचर्चा : 'लुई' हे नाव कुठलं?

प्रश्न : लुई हे नाव मूळचं लॅटिन का? मराठीत लुई लिहावं की लुईस?

उत्तर : लॅटिन नाही. पाचव्या शतकात आजच्या फ्रान्सवर अंमल बसवणाऱ्या फ्रँक लोकांची बोली जर्मानिक (म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातली) होती, नाव तिच्यातलं. 'ख्लोडोविग' असं काहीसं. पहिला तुकडा 'नामांकित', दुसरा 'लढाई'. ५११ मध्ये वारलेला फ्रँक राजा क्लोव्हिस हा याच नावाचा. म्हणजे क्लोव्हिस आणि लुई हे एकच नाव. एक लॅटिन दप्तरात अडकून राहिलं, दुसरं लोकांच्या तोंडी झिजलं. ८४२ मध्ये दोन फ्रँक राजांनी स्ट्रासबूर्गला घेतलेल्या शपथा हा फ्रेंचचा सर्वांत जुना नमुना मानतात. त्यात हे नाव 'लोधुविग्स' असं आहे. पुढे मधला ध गेला, ग गेला, शेवटचा स नुसता लिहिण्यापुरता उरला. जर्मनांनी ग सोडला नाही, म्हणून त्यांचा लुडविग.

खरी मजा पहिल्या तुकड्यात आहे. संस्कृतातल्या 'श'च्या जागी जर्मानिक भाषांत पुष्कळदा 'ह' येतो: शत-हंड्रेड, श्वान-हाउंड. त्याच हिशेबाने हा 'ख्लोड' (यातला ख हा त्या 'ह'चाच जुना, घशातला उच्चार) म्हणजे आपला 'श्रुत'. ज्याच्याबद्दल ऐकलं जातं तो श्रुत, म्हणून नामांकित. आपण विश्रुत म्हणतो तसंच. क्लोव्हिसच्या एका मुलाचं नाव क्लोथार : नामांकित सैन्य असलेला. महाभारतातला श्रुतसेन अर्थाने हुबेहूब तोच! (सैन्याचे शब्द मात्र दोन्हीकडे वेगळे, तिथे नातं जोडू नये.) क्लोव्हिसची राणी क्लोटिल्ड, तिच्याही नावात हाच श्रुत. घराण्याला कीर्तीची भारीच हौस दिसते.

पुरवणी प्रश्न : मग गोव्यातले लुईस?

उत्तर : तेच नाव, वाट पोर्तुगालची. तिथे उच्चार 'लुईश'कडे झुकतो. पत्रकार लुईश द मिनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८) यांचं नाव मराठीत लुईस असंही छापलेलं दिसतं; मला दोन्ही चालतात.

लेखनाचं म्हणाल तर माणसाची भाषा बघावी. पाश्चर फ्रेंच, म्हणून लुई. अमेरिकेतलं शहर सेंट लुईस, कारण तिथले लोक स उच्चारतात. तेराव्या शतकातल्या ज्या फ्रेंच राजावरून ते नाव पडलं, तो मात्र नववा लुई. फ्रेंच बाईचं नाव असेल तर 'लुईझ', तिथे शेवटचं व्यंजन ऐकू येतं.