मदत हवी आहे : ड्यूररच्या ‘मेलेंकोलिया १’ मधील प्रतीके

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५१४ सालच्या ‘मेलेंकोलिया १’ (मेलेंकोलिया म्हणजे विषण्णता) या ताम्रपट-मुद्राचित्राविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. हातात वर्तुळे काढायचा कंपास असूनही काम थांबवून बसलेल्या पंखधारी स्त्रीच्या मागे आकड्यांची सोळा घरांची जादुई चौकट आहे. चौकटीतल्या प्रत्येक ओळीची बेरीज ३४ भरते आणि तळाशी १५ व १४ शेजारी बसवून ड्यूररने सालही साधले आहे. अशी चौकट गुरू ग्रहाची मानली जाई आणि विषण्णता शनीची. मग हा शनीवरचा उतारा समजावा का? त्या स्त्रीच्या कमरेच्या किल्ल्या म्हणजे सत्ता आणि थैली म्हणजे संपत्ती, हे खुद्द ड्यूररनेच टिपून ठेवल्यामुळे तिथे शंका नाही. अडते ते शीर्षकातल्या ‘१’पाशी. कला-इतिहासकार पॅनोफ्स्कींच्या मते तो विषण्णतेच्या तीन पायऱ्यांपैकी पहिली, म्हणजे कल्पनाशक्तीची, दर्शवतो. हे आपणांस पटते का?